मिसिसिपीकाठचे ला क्रॉस : आगगाड्या, डोंगरकडे आणि उन्हाचे गणित

पूर्वकाठ (धागाकर्ता)

शिकागोहून निघून इलिनॉयची सपाट शेते ओलांडणाऱ्या माणसाला अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत कॅमेरा बाहेर काढण्याचे कारण सहसा सापडत नाही. मका, सोयाबीन, धान्याची उंच कोठारे आणि क्षितिजापर्यंत सरळ गेलेला रस्ता, एवढेच त्याच्या वाट्याला येते. विस्कॉन्सिनच्या पश्चिम सीमेवरचे ला क्रॉस मात्र या चौकटीत बसत नाही. २०२० च्या जनगणनेत ५२ हजारांहून थोडी अधिक लोकवस्ती असलेले हे शहर मिसिसिपी, ब्लॅक आणि ला क्रॉस या तीन नद्यांच्या संगमावर वसले आहे, त्याच्या पाठीशी सुमारे १८० मीटर उंचीचा ग्रँडॅड ब्लफ उभा आहे, आणि बीएनएसएफ आणि सीपीकेसी या दोन बड्या रेल्वे कंपन्यांचे मुख्य मार्ग याच शहरात एकमेकांना छेदतात. रेल्वे आणि निसर्ग एकाच चौकटीत आणू पाहणाऱ्यांसाठी इथली माहिती मराठीत एका जागी असावी, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी भूगोल सांगतो, कारण छायाचित्राचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात. शेवटच्या हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेल्या हिमनद्यांनी भोवतालचा बहुतेक प्रदेश घासून सपाट केला, पण नैर्ऋत्य विस्कॉन्सिन आणि त्याला लागून असलेला मिनेसोटा व आयोवाचा काही भाग त्यांच्या तडाख्यातून सुटला. ‘ड्रिफ्टलेस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात डोंगर शाबूत राहिले आणि हिमनद्या वितळल्यावर आलेल्या प्रचंड लोंढ्यांनी मिसिसिपीची दरी खोल व रुंद केली. त्यामुळे दोन्ही बाजूंना दीडशे-पावणेदोनशे मीटर उंचीचे कडे आणि मध्ये काही किलोमीटर रुंदीचे पात्र, बेटे आणि दलदल, असे इथले रूप आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तेव्हा कडे चढण्याच्या भानगडीत न पडता ती पायथ्याच्या चिंचोळ्या पट्टीतून नदीच्या कडेकडेने गेली. कड्यावर उभे राहिले की कडा, रूळ आणि पाणी एका नजरेत येतात, त्याचे कारण हेच.

पूर्व काठाने, म्हणजे विस्कॉन्सिनच्या बाजूने, बीएनएसएफचा मार्ग जातो. हा पूर्वीच्या बर्लिंग्टन कंपनीचा. सीपीकेसीचा मार्ग मिलवॉकीकडून येतो, ला क्रॉसला पुलांच्या मालिकेवरून नदी ओलांडतो आणि पश्चिम काठाने, मिनेसोटाच्या बाजूने, विनोना व पुढे सेंट पॉलकडे जातो. हा पूर्वीच्या मिलवॉकी रोड या कंपनीचा. या दोन काठांची चुरस जुनी आहे. एप्रिल १९३५ मध्ये बर्लिंग्टनने पूर्व काठावरून ट्विन सिटीज झेफिर ही प्रवासी गाडी सुरू केली आणि पुढच्याच महिन्यात मिलवॉकी रोडने पश्चिम काठावरून हायावाथा काढली. एक डिझेलची आणि स्टेनलेस स्टीलची, दुसरी वाफेची आणि केशरी रंगाची, आणि दोघींचा वेग ठिकठिकाणी ताशी १०० मैलांच्या घरात. आज दिसणारी एम्पायर बिल्डर ही प्रवासी गाडी १९७१ पर्यंत पूर्व काठाने जात असे. प्रवासी गाड्या चालवणाऱ्या ॲमट्रॅक या कंपनीने ती पश्चिम काठावर नेली. जुनी छायाचित्रे पाहताना हे लक्षात ठेवले नाही तर गाडी भलत्याच काठावर कशी, असा प्रश्न पडतो.

आता उन्हाचे गणित. ला क्रॉसच्या वर विनोनापर्यंत नदी साधारण वायव्येकडून आग्नेयेकडे वाहते, त्यामुळे विस्कॉन्सिनच्या काठाचे तोंड नैर्ऋत्येला आणि मिनेसोटाच्या काठाचे तोंड ईशान्येला आहे. बीएनएसएफच्या रुळांवर सकाळी कड्यांची सावली बराच वेळ रेंगाळते, पण दुपारनंतर तिथे बारा महिने ऊन असते. सीपीकेसीच्या रुळांना उन्हाळ्यात सकाळचे सुरेख ऊन मिळते, मात्र हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून खाली खाली जात असल्यामुळे दुपार होता होता ते रूळ कड्याच्या सावलीत जातात आणि उरलेला दिवस निळसर, थंड दिसतात. सकाळी मिनेसोटा, दुपारनंतर विस्कॉन्सिन, एवढे पाळले तरी अर्धे काम झाले. नकाशावर जवळ दिसणारी जागा निवडून सूर्याच्या विरुद्ध उभे राहणारे छायाचित्रकार इथे नेहमी भेटतात.

जागांविषयी थोडक्यात लिहितो, आपण भर घालावी. ग्रँडॅड ब्लफवर मोटारीने जाता येते. वरून शहर, मिसिसिपी आणि तीन राज्ये दिसतात, आणि शहराच्या पूर्व भागातून जाणारी बीएनएसएफची गाडी झाडीतून डोकावते. शहराच्या ऐन मध्यावर ला क्रॉस नदीची दलदल आहे, तिच्यातून सार्वजनिक पायवाटा आहेत आणि तिच्यातूनच रेल्वेचा भरावही गेला आहे. उत्तरेला अर्ध्या तासावर ट्रेम्पलो गाव आणि पेरो स्टेट पार्क आहे. तिथला ब्रॅडीज ब्लफ नदीपासून सुमारे १६० मीटर उंच आहे आणि वर चालत जावे लागते. आणखी वर, सुमारे शंभर किलोमीटरवर, ॲल्मा हे दोनच रस्त्यांच्या रुंदीचे आणि मैलोगणती लांबीचे गाव आहे. तिथल्या ब्युएना व्हिस्टा उद्यानातून खाली पाहिले की घरांची छपरे, रूळ, ४ क्रमांकाचे धरण आणि पलीकडची बेटे एकाखाली एक मांडलेली दिसतात.

माझे मत थोडे हटवादी वाटेल, पण सांगतो. या दरीत गाडीला चौकटीत मोठे करण्याचा मोह टाळावा. बीएनएसएफचे नारिंगी इंजिन टेलिफोटो लेन्सने ओढून घेतले की ते नेब्रास्कातले आहे की टेक्सासमधले, हे कोणालाही कळत नाही. कडा आणि नदी चौकटीत भरपूर ठेवून गाडी लहान येऊ दिली, तर दोन-तीन किलोमीटर लांबीची मालगाडी या दरीपुढे केवढी दिसते, हे पाहणाऱ्याला आपोआप कळते. ते माप दुसऱ्या कशानेही मिळत नाही.


मंकीहिल

धागा अतिशय आवडला. मी भोर घाटात गाड्यांची छायाचित्रे काढतो. आमच्याकडे कर्जतहून वर येताना ३७ ला एक अशी चढण आहे; बँकर इंजिने मागून रेटा देतात, गाडी सावकाश येते, त्यामुळे चौकट जुळवायला वेळ मिळतो आणि इंजिनाच्या आवाजावरूनच ती कुठल्या बोगद्याशी आली हे कळते. नदीकाठचा मार्ग जवळजवळ सपाट असेल तर गाडी अचानक समोर येत असणार. अशा वेळी तयारी कशी ठेवता? आणि शटरचा वेग किती लागतो?


पूर्वकाठ

मंकीहिल, आपण मर्मावर बोट ठेवले आहे. इथे चढण नसल्यामुळे इंजिन ओरडत येत नाही, ते सहजपणे येते. वारा उलटा असेल तर फाटकावरचा भोंगा ऐकू येईपर्यंत काहीच कळत नाही. रेल्वेच्या संभाषणाच्या वाहिन्या १६० ते १६१ मेगाहर्ट्झच्या आसपास असतात आणि त्या ऐकणारे छोटे रेडिओ-स्कॅनर बहुतेक रेल्वेवेड्यांजवळ असतात. रुळांलगत ठरावीक अंतरावर तापलेल्या चाकांचा व लोंबकळणाऱ्या भागांचा शोध घेणारी यंत्रे बसवलेली आहेत. गाडी पुढे गेली की ती यंत्रे स्वतःच रेडिओवर बोलतात: मैलाचा आकडा, दोष नाही, एकूण ॲक्सल इतके. मैलाच्या आकड्यावरून गाडी कुठे आहे ते कळते आणि ॲक्सलच्या संख्येवरून ती किती लांब आहे याचा अंदाज येतो, म्हणजे ती पूर्ण चौकटीत मावेल की नाही हे आधीच ठरवता येते.

शटरविषयी म्हणाल तर ॲमट्रॅकची गाडी ताशी ७९ मैलांपर्यंत जाते, म्हणजे सेकंदाला सुमारे ३५ मीटर. एक हजारांश सेकंदात ती साडेतीन सेंटीमीटर पुढे सरकते. कड्यावरून दुरून टिपताना एवढे सरकणे दिसतही नाही, त्यामुळे १/५०० सेकंदानेही भागते. रुळांजवळून टिपायचे असेल तर १/२००० सेकंदाच्या आसपास जावे. मालगाड्या त्याहून सावकाश असतात. ला क्रॉसला बीएनएसएफच्या गाड्यांचे कर्मचारी बदलतात, त्यामुळे शहराच्या आसपास त्या थांबलेल्या किंवा नुकत्या हललेल्याही मिळतात.


दांडाचाक

धागाकर्त्यांच्या अभ्यासाविषयी आदर आहे, पण “गाडी लहान ठेवावी” हा सल्ला मला सरसकट मान्य नाही. निसर्गचित्रे काढणारे लोक रेल्वेला हळूहळू सजावटीची वस्तू करून टाकतात. इंजिन हे माणसाने घडवलेले यंत्र आहे, त्याला स्वतःचा चेहरा आहे, आणि तो बदलत असतो; तो आज टिपला नाही तर उद्या मिळत नाही. एप्रिल २०२३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅन्सस सिटी सदर्न एकत्र येऊन सीपीकेसी झाली, आणि तेव्हापासून मिनेसोटाच्या बर्फात कॅन्सस सिटी सदर्नची लाल-पिवळी-काळी इंजिने दिसू लागली आहेत. ती मेक्सिकोपर्यंत जाणाऱ्या मार्गांवरची इंजिने आहेत. हा बदल दाखवायचा तर इंजिन जवळून आणि ठसठशीतच यायला हवे. कड्यावरून ते लाल ठिपका होऊन जाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एम्पायर बिल्डरवर सीमेन्सची नवी एएलसी-४२ इंजिने आली, तेव्हाही असेच होते: जुन्या इंजिनांचे शेवटचे दिवस ज्यांनी जवळून टिपले, त्यांच्याजवळच आज त्याची नोंद आहे.

जवळून पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट शहरातच आहे. कोपलँड पार्कमध्ये बर्लिंग्टनचे ४००० क्रमांकाचे वाफेचे इंजिन ठेवलेले आहे. हडसन प्रकारचे, म्हणजे पुढे चार, मध्ये सहा मोठी आणि मागे चार चाके असलेले. १९३० च्या दशकात झेफिरला पर्याय म्हणून हाताशी असावे यासाठी त्याला स्टेनलेस स्टीलचे, हवेला कमी अडणारे (स्ट्रीमलाइन) आवरण चढवून ‘एओलस’ असे नाव दिले होते. ते आवरण पुढे काढून टाकण्यात आले. त्याच्या मधल्या चाकाशी गुडघे टेकून बसा आणि साध्या पन्नास मिलिमीटरच्या लेन्सने वर पाहा: चाकाचा वरचा काठ प्रौढ माणसाच्या डोक्याच्याही वर जातो, जोडदांडे रंगाच्या कित्येक थरांखाली गुळगुळीत झालेले आहेत, आणि चाकांमधली वजने चंद्रकोरीच्या आकाराची आहेत. त्याच उद्यानात जुना ग्रँड क्रॉसिंग टॉवरही आणून ठेवला आहे, जिथून दोन्ही कंपन्यांच्या छेदमार्गाचे नियंत्रण होत असे. हे कुठल्या कड्यावरून दिसणार आहे?


पूर्वकाठ

दांडाचाक, नोंद म्हणून जवळचे छायाचित्र हवे, हे मान्य. ४००० ला तर दुरून टिपण्यात अर्थच नाही, ते उद्यानातच उभे आहे. माझा आग्रह चालत्या गाडीपुरता आहे. कॅन्सस सिटी सदर्नचे इंजिन मिनेसोटात आले, हेच जर सांगायचे असेल तर मिनेसोटा चौकटीत नको का? बर्फाने गोठलेली नदी आणि मिनेसोटाच्या काठावरच्या ड्रेसबाकचा कडा मागे असेल, तर त्या लाल-पिवळ्या रंगाचे परकेपण दिसते. मागे नुसते आकाश असेल तर तेच इंजिन लुईझियानातही उभे असू शकते.


दांडाचाक

मागे कडा असावा, हे मलाही चालते. पुढे इंजिन असावे, एवढेच माझे म्हणणे. पंचाऐंशी मिलिमीटरवर आपले दोघांचे जमेल असे दिसते.


लॉकवाला

दोघेही नदीला पार्श्वभूमी समजत आहेत, म्हणून मध्ये बोलतो. ही नदी स्वतः वाहतुकीचा मार्ग आहे, आणि रेल्वे व नौका यांची गाठ पडते तिथे सर्वांत चांगली चित्रे मिळतात. १९३० च्या दशकात नऊ फूट खोलीचा जलमार्ग कायम राहावा म्हणून मिसिसिपीवर धरणे आणि लॉक (पाण्याची पातळी बदलून नौका वर-खाली करणाऱ्या कोठड्या) बांधण्यात आले. ला क्रॉसच्या परिसरात ट्रेम्पलोला ६ क्रमांकाचे, ड्रेसबाकला ७ क्रमांकाचे आणि जेनोआला ८ क्रमांकाचे लॉक आहे. तिन्ही ठिकाणी कोणता ना कोणता लोहमार्ग अगदी शेजारून जातो.

लॉकची कोठडी ११० फूट रुंद आणि ६०० फूट लांब असते. वरच्या मिसिसिपीत एक ढकलनौका साधारणपणे पंधरा बार्ज (इंजिन नसलेल्या मालनौका) घेऊन येते: तीन-तीनच्या पाच ओळी. एवढा तांडा एका वेळी कोठडीत मावत नाही. मग खलाशी पोलादी दोर आणि रॅचेट (दोर आवळण्याची साधने) सैल करून तांडा तोडतात. आधी नऊ बार्ज आत जातात, त्यांना इंजिन नसल्यामुळे यंत्राच्या दोराने बाहेर ओढले जाते, मग कोठडीतले पाणी पूर्ववत करून उरलेले सहा बार्ज आणि नौका आत येतात, आणि पलीकडे सगळे पुन्हा बांधतात. यात दीड-दोन तास सहज जातात. छायाचित्रकाराच्या दृष्टीने ही पर्वणीच आहे, कारण तेवढ्या वेळात शेजारच्या रुळावरून एखादी तरी गाडी येतेच. जवळ गेलात तर रॅचेट आवळणाऱ्या खलाशाचे हातमोजे, गंजलेल्या कड्या आणि बार्जच्या कडेवरून ओघळणारे पाणी टिपा. दांडाचाक यांना जे इंजिनात दिसते ते मला तिथे दिसते.

दुसरी जागा ला क्रॉसच्या फिरत्या पुलाची. सीपीकेसीच्या मार्गावर मुख्य पात्रावर असलेला हा पूल नौका आली की मधल्या खांबाभोवती आडवा फिरतो. साधारणपणे नौकेला वाट आधी दिली जाते, त्यामुळे पूल उघडा आणि गाडी थांबलेली, असे दृश्य मिळू शकते. नौकावाहतुकीचा हंगाम मार्चच्या मध्यापासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत असतो. त्यानंतर नदी गोठते आणि पूल बंदच राहतो.


मांडवीतीर

बार्ज म्हटल्यावर राहवले नाही. आमच्याकडे मांडवी आणि जुवारीतून खनिज नेणारे बार्ज असत, पण त्यांना स्वतःचे इंजिन होते आणि ते एकेकटे जात. इथे एकच नौका पंधरा बार्ज ढकलते म्हणता, तर वळणावर तो तांडा वळतो कसा? आणि त्यात माल कोणता असतो?


लॉकवाला

खाली जाताना मुख्यतः मका, सोयाबीन. वर येताना खत, मीठ, सिमेंट अशा वस्तू. पंधरा बार्ज दोरांनी इतके घट्ट बांधलेले असतात की ते एकच कडक तराफा असल्यासारखे वागतात, आणि मागची नौका त्या सगळ्याला तिरके करून वळणातून जवळजवळ घसरवत नेते. वरून पाहिले तर तांडा वळणाच्या कितीतरी आधी वळू लागलेला दिसतो. ब्रॅडीज ब्लफवरून हे फार छान दिसते. खाली पूर्व काठावरून त्याच वेळी धान्याची मालगाडी जात असेल तर एकच माल दोन मार्गांनी समुद्राकडे निघालेला एका चौकटीत मिळतो; एक मेक्सिकोच्या आखाताकडे, दुसरा बहुधा पॅसिफिककडे.


धुकेरी

ऋतूंबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून भर घालते. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर पहाटे दरी धुक्याने काठोकाठ भरते. नदीचे पाणी अजून उबदार असते आणि कड्यांवरून थंड हवा खाली उतरते, त्यामुळे धुके तळाशी साचते आणि कड्यांचे माथे मोकळे राहतात. सूर्योदयाला ग्रँडॅड ब्लफवर असाल तर खाली शहर दिसतच नाही. गाडी दिसण्याची अपेक्षा ठेवू नये. नऊच्या सुमारास धुके विरू लागते तेव्हा पुलांचे वरचे भाग आधी बाहेर येतात, तो अर्धा तास खरा कामाचा. उघडमाप (एक्स्पोजर) ठरवताना कॅमेऱ्याला धुक्याचा पांढरेपणा फसवतो आणि चित्र करडे येते, म्हणून एक टप्पा वर ठेवावे.

जुलैमध्ये वेगळाच प्रकार असतो. नदीच्या तळाच्या गाळात वाढलेल्या मे-फ्लाय नावाच्या कीटकांचे थवे एका संध्याकाळी एकदम पाण्याबाहेर पडतात, इतके की ला क्रॉसच्या हवामान खात्याच्या रडारवर ते पावसासारखे उमटतात. दिव्यांकडे त्यांची झुंबड उडते. पुलाजवळ रात्रीचे छायाचित्र काढायला उभे राहिलात तर लेन्सच्या कडेवर एखादा येऊन बसतो: पारदर्शक, शिरांची जाळी असलेले उभे पंख, आणि अंगापेक्षा लांब अशा शेपटीच्या केसासारख्या तारा. तो चावत नाही. प्रौढ झाल्यावर त्याला खाता येत नाही, आणि एक-दोन दिवसांत तो मरतो. रस्त्यावर त्यांचा थर साचला की वाहने घसरतात, तेव्हा त्या रात्री सावकाश जावे. लेन्स पुसताना कोरडा कपडा वापरू नये. आधी फुंकणीने उडवावे, नाहीतर काचेवर चिकट डाग पडतात.

नोव्हेंबरमध्ये मिनेसोटातील ब्राउन्सव्हिलजवळ टुंड्रा हंसांचे मोठे थवे उतरतात. हा भाग १९२४ मध्ये स्थापन झालेल्या अप्पर मिसिसिपी राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानात मोडतो. पलीकडच्या काठावरून जाणारी मालगाडी हंसांच्या मागे आडवी रेघ होऊन येते, आणि धागाकर्त्यांच्या मताला तिथे तरी विरोध होऊ नये. कडाक्याच्या थंडीत धरणांच्या खालचे पाणी गोठत नाही, त्यामुळे मासे धरायला टकले गरुड (बाल्ड ईगल) तिथे जमतात. बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवा, आणि घरात शिरण्यापूर्वी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करा. उबदार हवेतली वाफ थंड काचेवर बसते आणि आतपर्यंत जाते.


मंकीहिल

पूर आला की काय होते? रूळ इतके काठाला आहेत म्हणून विचारतो.


लॉकवाला

पाणी रुळांना टेकते. ला क्रॉसचा विक्रमी पूर एप्रिल १९६५ चा, १७.९ फुटांचा. एप्रिल २०२३ मध्येही मोठा पूर आला. त्या वेळी शहराच्या दक्षिणेला डी सोटोजवळ बीएनएसएफची मालगाडी घसरली आणि काही डबे नदीत गेले. पुरात कड्यावरून छायाचित्रे जरूर काढावीत, पण काठावर जाऊ नये. रस्ते बंद असतात आणि मदतकार्य करणाऱ्यांची अडचण होते.


फाटकपलीकडे

एक गोष्ट स्पष्ट लिहिली जावी, कारण आपल्याकडून येणाऱ्यांना याची कल्पना नसते. अमेरिकेत रूळ, भराव, पूल आणि रुळांलगतची पट्टी ही रेल्वे कंपनीची खासगी मालमत्ता असते. फाटकावरून रस्ता ओलांडता येतो, रुळांवरून चालत जाता येत नाही. कुंपण नसले म्हणजे परवानगी आहे, असे नव्हे. लांब मालगाडीला थांबायला दीड किलोमीटरहून अधिक अंतर लागू शकते आणि डबे रुळांच्या बाहेर दोन्ही बाजूंना बरेच पसरलेले असतात, त्यामुळे “थोडे बाजूला उभा राहीन” या हिशेबाला अर्थ नाही. सार्वजनिक रस्ता, उद्यान किंवा पायवाट यांवरून हवी तेवढी छायाचित्रे काढा, कोणी हरकत घेत नाही. ऑनालास्काहून ट्रेम्पलोकडे जाणारी ग्रेट रिव्हर ट्रेल ही सायकलवाट जुन्या लोहमार्गाच्याच भरावावर आहे, आणि बीएनएसएफचा चालू मार्ग तिच्यापासून फार दूर नाही. माझ्या मते कायद्यात राहून गाड्या जवळून टिपण्यासाठी ही परिसरातली सर्वांत चांगली जागा आहे.

ड्रोन आणणाऱ्यांनीही सावध असावे. ला क्रॉसचा विमानतळ फ्रेंच आयलंडवर, म्हणजे रेल्वेपुलाच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे तिथे आधी परवानगी घेतल्याशिवाय उडवता येत नाही. वन्यजीव आश्रयस्थानाच्या जमिनीवरून ड्रोन उडवण्यास किंवा उतरवण्यास मनाई आहे, आणि ही जमीन नदीकाठाने मैलोन्‌मैल पसरलेली आहे. ज्या दरीत दीडशे मीटर उंचीचे सार्वजनिक कडे फुकट उपलब्ध आहेत, तिथे ड्रोनची गरज कोणाला आणि कशासाठी पडते, हे मला तरी समजलेले नाही.


रोचेस्टरकर

आम्ही मिनेसोटातल्या रोचेस्टरला राहतो, ला क्रॉस आमच्यापासून सव्वा-दीड तासावर. ऑक्टोबरच्या मध्यावर एका शनिवारी जायचा विचार आहे. पाने रंगलेली असतील. बरोबर सात आणि चार वर्षांची मुले आहेत, त्यामुळे कडा चढणे होणार नाही. मुलांना प्रवासी गाडी पाहायची आहे, मला चांगली दोन-तीन छायाचित्रे मिळाली तरी पुरे. दिवस कसा आखावा?


पूर्वकाठ

रोचेस्टरकर, मुलांना लक्षात घेऊन सुचवतो. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्योदय सव्वासातच्या पुढे आणि सूर्यास्त सहा-वीसच्या आसपास असतो. पश्चिमेकडे जाणारी एम्पायर बिल्डर ला क्रॉसला संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान येते, म्हणजे त्या दिवसांत अंधारात. ती सोडून द्यावी. पूर्वेकडे जाणारी सकाळी अकराच्या आगेमागे असते, पण ती सिॲटल-पोर्टलंडहून दोन रात्रींचा प्रवास करून येते, त्यामुळे उशीर झाला आहे का हे निघण्यापूर्वी ॲमट्रॅकच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. मे २०२४ पासून शिकागो आणि सेंट पॉल यांच्यामध्ये बोरियालिस नावाची गाडीही धावते, आणि ती दोन्ही दिशांना इथून दिवसाउजेडी जाते. म्हणजे मुलांना एक तरी गाडी नक्की मिळेल.

आपण पश्चिमेकडून येणार, तेव्हा मिनेसोटाचा काठ आधीच लागतो. साडेदहापर्यंत ड्रेसबाकच्या ७ क्रमांकाच्या लॉकपाशी या. त्या वेळी सूर्य आग्नेय-दक्षिणेला असतो आणि दक्षिणेकडे येणाऱ्या एम्पायर बिल्डरच्या तोंडावर ऊन पडते. लॉकमध्ये बार्जचा तांडा असेल तर मुलांचा वेळही मजेत जाईल. पस्तीस मिलिमीटरच्या आसपासची लेन्स ठेवा, म्हणजे रंगलेला कडा वर राहील. त्यानंतर कोपलँड पार्कला जाऊन जेवा. मुलांना ४००० क्रमांकाचे इंजिन दाखवा, आणि त्या चाकाशेजारी त्यांना उभे करून दांडाचाक यांच्या पद्धतीचे छायाचित्र अवश्य काढा. ग्रँडॅड ब्लफवर मोटारीने जाता येत असल्यामुळे दुपारी तिथे अर्धा तास काढता येईल. त्या वेळी समोरून ऊन येते, म्हणून तिथे फार अपेक्षा ठेवू नका.

तीनच्या सुमारास ट्रेम्पलो गाठा. ब्रॅडीज ब्लफ चढू नका. गावातच बीएनएसएफचे रूळ नदी आणि वस्ती यांच्यामधून जातात आणि उतरते ऊन थेट गाड्यांच्या अंगावर येते. शनिवारी मालगाड्या येतच असतात, फक्त कोणती कधी येईल ते सांगता येत नाही, तेव्हा मुलांसाठी काहीतरी खायला बरोबर ठेवा. परतताना विनोनावरून गेलात तर रस्ता सोपा पडेल.


रोचेस्टरकर

मनापासून आभार. स्कॅनर विकत घ्यावा लागेल का, की मोबाइलवर भागेल?


पूर्वकाठ

एका दिवसासाठी विकत घेऊ नका. सीपीकेसीच्या बाजूला आपण लॉकपाशीच असाल, तिथे गाडी आली की फाटकाची घंटा वाजते. ट्रेम्पलोलाही तेच. चार वर्षांच्या मुलाचा हात मात्र घंटा वाजण्याच्या आधीपासून धरून ठेवा. एका काठावर दोन रूळ असतील तर पहिली गाडी गेल्यावर दुसरी लगेच उलट्या दिशेने येऊ शकते.